पारखिणीने न उमटवलेला शिक्का

लहानथोरांनो, ऐका. फार जुन्या काळी एका राज्यात लाल शेल्यांचा एक मोठा कारखानदार होता. त्याच्या शेल्याचा रंग कितीही धुतला तरी जात नसे.

शेजारच्या राणीने शेले मागवले, पण निरोप धाडला, "ज्यात कुणाचा छळ मिसळला आहे, ते वस्त्र मला नको. तुमच्या पारखिणीचा शिक्का असेल तरच घेईन."

राजाची पारखीण होती हिराई. ती कारखान्यात आली. माग हवेशीर जागेत होते. विणकर ताक पीत बसले होते.

"बघा, कुणाला काही कमी आहे का?" कारखानदार म्हणाला. "मारा शिक्का."

"विणणं पाहिलं. आता रंगवणं पाहते," हिराई म्हणाली.

रंगाऱ्याकडेही सगळे ठीक होते. पण म्हाताऱ्या रंगाऱ्याने मान खाली घातली. "बाई, तुरटीच्या पाण्यात बुडवल्याशिवाय हा रंग कापडाला धरत नाही. तुरटी डोंगरापलीकडून येते. तिथली माणसं मात्र कधी बाहेर दिसत नाहीत."

कारखानदार चिडला. "खाण ठेकेदाराची, माणसं ठेकेदाराची. माझा काय संबंध?"

हिराई तशीच निघाली. ती डोंगर चढून पलीकडे उतरली.

खाणीभोवती काटेरी कुंपण होते, आणि दाराला कडी बाहेरून. तुरटीच्या उकळत्या कढयांपाशी उभ्या बायाबापड्यांचे हात भेगाळून रक्ताळले होते. पिण्याच्या पाण्याचा रांजण मुकादमाच्या ताब्यात होता.

कोंडाबाई नावाची एक मजूर हळूच म्हणाली, "जाते म्हटलं की पाणी बंद. माझ्या बहिणीनं तीन दिवस तहान काढली. चौथ्या दिवशी ती गेली."

मुकादमाने हिराईपुढे पाण्याचा तांब्या धरला. तिच्या घशाला कोरड पडली होती, तरी तिने तो कोंडाबाईच्या हातात दिला.

दरबारात हिराईने खाणीत पाहिले-ऐकले ते सगळे सांगितले. कारखानदार म्हणाला, "महाराज, पारखायचा होता माझा कारखाना. ही डोंगर पारखून आली."

राजालाही मालाची घाई होती. "हिराई, शिक्का मार. खाणीचं पुढे बघू."

हिराईने एक शेला राजापुढे पसरला. "महाराज, यातली तुरटी वेगळी काढून दाखवा. उरलेल्यावर आत्ता शिक्का मारते."

राजाने शेला हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"निघत नाही ना? मग कोंडाबाईची बहीणही निघणार नाही. हा शिक्का माझ्या हातून उमटणार नाही."

राजाने तिचे पद काढून घेतले. शिक्का दुसऱ्याच्या हाती गेला आणि गठ्ठ्यांवर उमटलाही. हिराई मात्र घरी बसली नाही. ती सरहद्दीवर राणीच्या दूताला भेटली. "माझ्या शब्दावर विसंबू नका," ती म्हणाली. "चला, डोळ्यांनी पाहा."

दूताने पाहिले. सगळे गठ्ठे सरहद्दीवरूनच परत फिरले, आणि ही बातमी कळताच दुसऱ्या राज्यांनीही शेले घेणे थांबवले. शेवटी कारखानदार स्वतः डोंगर उतरला आणि स्वतःच्या हाताने त्याने बाहेरची कडी काढली. अर्धी माणसे मागे वळूनही न बघता घरी गेली. उरलेली राहिली ती आपल्या अटींवर: दाराला कडी नाही, पाण्यावर पहारा नाही. कोंडाबाई घरी गेली.

हिराईला तिचे पद कधीच परत मिळाले नाही, आणि तिने ते मागितलेही नाही.

तात्पर्य: वस्तू आपली म्हणून मिरवायची असेल, तर तिच्यासाठी दूर कुठे झालेला छळही आपलाच मानावा लागतो.