पाचवा डेरा

फार फार मागची गोष्ट. त्या काळी गाढवं माणसांशी बोलत असत, आणि माणसं जमलंच तर ऐकत असत.

एका गावात एकदा दोन कुंभार भाऊ राहत होते. थोरला मोजूनमापून काम करायचा. धाकटा आधी हात घालायचा आणि मग विचारायचा, काय करायचं होतं म्हणून. दोघांत मिळून एक चाक होतं, एक भट्टी होती, एक गाढव होतं. थोरल्याची बायको मडकी थापायला बसली की तिच्या थापीच्या आवाजानं गल्ली जागी व्हायची.

कच्चा माठ उन्हात ठेवला तर तडकतो. तो सावलीत, सावकाश वाळावा लागतो. आजवर परसातला कडुलिंब ती सावली देत होता. पण एका वादळात लिंब पडला, म्हणून उन्हाळ्याच्या आत परसात छप्पर घालायचं थोरल्यानं ठरवलं होतं. छप्पर व्हायच्या आधी तो आजारी पडला, आणि माघ संपता संपता गेला.

धाकटा रडला नाही. चाकाजवळच्या फळीवर तो अजून एका कडेला सरकूनच बसायचा, भावाची जागा सोडून. खुंटीवरचं भावाचं पागोटं त्यानं कुणाला काढू दिलं नाही.

पंधरा दिवसांनी वहिनीच्या माहेरून निरोप आला. पाडव्यापर्यंत घर सावरलं नाही, तर तिचा भाऊ तिला कायमची घेऊन जाणार होता. मग त्या घरात धाकटा आणि गाढव, एवढेच उरणार होते.

वहिनी म्हणाली, "भावजी, छप्पर झालं तर माठ होतील. माठ झाले तर मी इथंच आहे."

छपराचा खर्च थोरल्यानं अंथरुणावर पडूनच ठरवून ठेवला होता. भिंतीशी ज्वारीनं भरलेले मातीचे चार डेरे होते, प्रत्येकात चार पायल्या. लिहिता-वाचता दोघांनाही येत नव्हतं, म्हणून प्रत्येक डेऱ्याच्या तोंडाशी त्यानं खूण ठेवली होती. पहिल्यात लाकडाची ढलपी, दुसऱ्यात बांबूची कांब, तिसऱ्यात मूठभर गवत, चौथ्यात सुंभाचा तुकडा. कशातलं धान्य कशासाठी आहे ते नीट बघून घ्या, असं वहिनीनं दोनदा सांगितलं.

धाकटा बघणार कसा? भावाच्या हातानं ठेवलेली ती ढलपी दिसताच त्यानं मान फिरवली, खुणा भुईवर टाकल्या आणि चारही डेरे एकाच गोणीत ओतले. गवताची मूठ गाढवानं खाल्ली.

बाजारात एका सुताराकडे चार सागवानी खांब होते, पोपट कोरलेले. धाकट्याचे पाय तिथंच थांबले. सुतारानं विचारलं, वर काय घालणार आहेस. धाकटा म्हणाला, "माझ्या दादाचं छप्पर आहे. हलकं लाकूड लावणार नाही." सुतारानं एका खांबाला चार पायल्या सांगितल्या. धाकट्यानं गोणी उलटी केली.

परतताना गाढव म्हणालं, "खांब देखणे आहेत. पण नुसत्या खांबाखाली सावली पडलेली मी तरी पाहिली नाही."

"तू मुकाट चाल," धाकटा म्हणाला.

त्यानं एका दिवसात खड्डे खणून खांब रोवले. बघायला गल्ली जमली. शेजारची म्हातारी पोपटांवरून हात फिरवत म्हणाली, "छान झालं रे. आता वरनं आभाळ पांघर, म्हणजे झालं."

सगळे हसले, आणि तेव्हा कुठं धाकट्यानं वर बघितलं. बांबू आणायचे होते. गवत आणायचं होतं. गोणी रिकामी होती.

वहिनीचे वीस माठ थापून तयार होते आणि फाल्गुनाचं ऊन चढत होतं. त्यानं भावाची घोंगडी खांबांना बांधली. वाऱ्यानं ती उडवून कुंपणावर टाकली. पुन्हा बांधली, पुन्हा उडाली. दुपारी पहिला माठ तडकला. टक्, एवढाच आवाज. मग दुसरा. अकरा माठ गेले. प्रत्येक आवाज धाकट्यानं बसून ऐकला.

मग पोपटाच्या खांबाला डोकं टेकून तो रडला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच.

"वहिनी, दादानं जमवलेलं मी एका दिवसात घालवलं. तुमच्या भावाला बोलवा. माझ्या भरवशावर राहू नका."

वहिनी आत गेली आणि सरपणामागून एक डेरा उचलून घेऊन आली. त्याच्या तोंडाशी एक फुटकं खापर ठेवलं होतं. खाली चार पायल्या ज्वारी.

"हा त्यांनी सगळ्यांत शेवटी भरला," ती म्हणाली. "म्हणाले, त्याला मोठं काम पहिल्यांदाच आहे, तो चुकणार. चुकला आणि रडला, की मग दे. आधी दिलास तर हाही ओतून टाकील."

"टाकलाच असता," गाढव म्हणालं.

धाकट्यानं ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तो खांब घेऊन सुताराकडे गेला. खांबांच्या बुडाला माती लागली होती, म्हणून सुतारानं खांबामागं एक पायली कापून बारा पायल्या परत दिल्या. बारा त्या आणि चार पाचव्या डेऱ्यातल्या, बरोबर सोळा झाल्या. चार पायल्यांचा खड्डा धाकट्यानं पाडला होता, आणि तो थोरल्यानं आधीच भरून ठेवला होता.

वहिनीनं चारही डेरे पुन्हा भरले. या खेपेला धाकट्यानं भुईवरून खुणा शोधून काढल्या, पदराची गाठ जपावी तशा जपून धुतल्या आणि आपल्या हातानं एकेका डेऱ्यात ठेवल्या. गवत मिळेना. गाढवानं आपल्या वैरणीतली चार पाती पुढं ढकलली. मग ज्या डेऱ्यावर जी खूण, त्यातून तीच वस्तू आली. खांबांसाठी बाभळीच्या मेढी आल्या, बांबू आले, गवताच्या पेंढ्या आल्या, सुंभ आलं. छप्पर दिसायला साधंच झालं, पण त्याच्याखाली गार वाटायचं.

पाडव्याला वहिनीचा भाऊ आला. सावलीत ओळीनं मांडलेले माठ त्यानं बघितले, त्याच सावलीत वाळवून भाजलेल्या एका माठातलं पाणी प्यायला, आणि एकटाच परत गेला.

त्या संध्याकाळी धाकटा फळीवर पहिल्यांदा मधोमध बसला. आणि पुढं कधीही नवं काम काढलं, की सगळे डेरे भरून झाल्यावर तो आणखी एक भरायचा. त्यावर एक खापर ठेवायचा.

बोध इतकाच: काम काढण्याआधी त्याच्या शेवटापर्यंतचा खर्च वेगवेगळा मांडावा, आणि आपल्या माणसाच्या चुकीचा वाटाही त्यात मायेनं धरावा.