शालीचा मानकरी

कोळवणी धरणाचा दरवाजा उघडायचा, तर निवृत्तीतात्या आधी तीनदा भोंगा वाजवत, काठावर जाऊन नदीचं पात्र नजरेखालून घालत आणि मगच चाक फिरवत. मग मोठ्या साहेबांनी तिथे एआय बसवलं आणि तात्यांना बजावलं, "आता तुम्ही नुसतं बसायचं."

त्याबद्दल झालेल्या साहेबांच्या सत्कारात कुणीतरी एआयचं कौतुक केलं, तेव्हा साहेब हसले. "ते काय, खोऱ्या-फावड्यासारखं अवजार! डोकं माझं." आणि शाल त्यांनी ऐटीत खांद्यावर घेतली.

पुढच्याच महिन्यात एआयने दरवाजा उघडला. भोंग्याचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पात्रात डुंबणाऱ्या यमुनाबाईंच्या दोन दुभत्या म्हशी वाहून गेल्या.

गावसभेत साहेब म्हणाले, "अहो, ते साधं अवजार नाही. स्वतः विचार करतं. निर्णय त्याचा होता, मी काय करणार?"

मागे बसलेले तात्या उठले. "साहेब, मग ती शाल त्याच्या अंगावर घालून या. सत्काराला अवजार आणि चौकशीला शहाणा, असं कसं चालेल?"

सभा खदखदून हसली. साहेबांची मान खाली गेली. एकट्या यमुनाबाई हसल्या नाहीत. त्यांच्याकडे नजर जाताच तात्या पुन्हा बोलले.

"त्या दिवसाच्या दोषाची शाल वाटायचीच, तर निम्मी मलाही द्या. ते दरवाजा उचलत होतं, तेव्हा मी बघत होतो. भोंग्याचं बटण हाताशी होतं. पण म्हटलं, त्याला आपल्यापेक्षा जास्त समजत असेल."