पहिला तुकडा

"मग इजाजत कधी देता, चाचा?"

श्रीरंग डोईफोडे हे काही पहिल्यांदा विचारत नव्हता. पण आज विचारताना त्याची छाती जरा जास्तच पुढे आली होती. पाहुण्यांची गाडी नुकतीच नगारा दरवाजातून बाहेर पडली होती, आणि निघताना एकाने त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं की तुम्ही म्हणजे चालताबोलता इतिहास आहात.

गुलशेरचाचा नानच्या दुकानाबाहेर बाकावर बसले होते. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की माशी उडवायला हलवली होती, हे श्रीरंगला कळलं नाही.

मराठवाड्यातलं हे जुनं, दरवाजांचं शहर. त्यातला काफिलापुरा मोहल्ला बाहेरच्यांना दाखवावा तर तो चाचांनीच. तरुणपणी ते याच दुकानात तंदूरला नान लावायचे. पुढे आल्यागेल्याला गल्लीबोळ दाखवू लागले आणि तेच त्यांचं काम होऊन बसलं. त्यांचा माणूस म्हटलं की विणकर माग चालवून दाखवतो, कबाबवाला पहिली शीग त्याच्यापुढे धरतो, एरवी बंद असलेली दारं उघडतात.

ही दारं आपल्यालाही उघडावीत म्हणून श्रीरंग त्यांच्या मागेमागे फिरत होता. त्यासाठी त्याने विमा कचेरीतली चांगली नोकरी सोडली होती. तेव्हापासून वडील त्याच्याशी बोलत नव्हते. अजून तो पाहुणे फिरवायचा ते चाचांच्या नावावर; इजाजत म्हणजे चाचांनी "हा माझा माणूस" एवढं म्हटलं की झालं. पण तेवढंच ते म्हणत नव्हते.

"तुमचे गुडघे दुखतात," श्रीरंग म्हणाला. "किती दिवस ओढणार?"

"गुडघे बरे आहेत."

वास्तविक त्यांना बाकावरून उठवायला दोन माणसं लागायची.

"आज काय काय दाखवलंस?" चाचांनी विचारलं.

श्रीरंग याचीच वाट बघत होता. त्याने दरवाजापासून सुरुवात केली. नगारा का वाजायचा, कधी बंद पडला, कमानीवरचं पोपटांचं नक्षीकाम कुणी केलं. मग मातीच्या नळांनी पाणी यायचं तो हौद. मग हिमरू कापडाचा माग. मग शीग कबाब, आणि कबाबावर उतारा म्हणून गुळाची जिलबी, तीही कढईतून निघते तेव्हाच खायची हे बजावून. कुठेही क्षणभर रिकामं जाऊ दिलं नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

"कुणी काही विचारलं?"

"विचारायला काही शिल्लकच ठेवलं नाही मी."

चाचा रस्त्याकडे बघत राहिले.

"चालताना मागे कोण पडत होतं?"

"इंदूरच्या बाई होत्या एक. वय झालेलं. चार पावलं चालल्या की थांबायच्या. दर वेळी मला परत जाऊन आणावं लागायचं."

"नाव काय?"

"नाव... विचारायचं राहिलं."

"कुठे थांबल्या?"

श्रीरंगने आठवून सांगितलं. हौदापाशी थांबल्या होत्या. पायरीवर उतरून पाण्यात हात घालायला निघाल्या, तेव्हा त्याने त्यांना शेवाळावरून पाय घसरेल म्हणून वर घेतलं. नंतर निळ्या दाराच्या घरापाशी बराच वेळ उभ्या होत्या. तिथे तर त्याने खास त्यांच्यासाठी वेगळी माहिती दिली होती. या घरात साळी राहायचे, दिवसभर मागाचा खटखटाट चालायचा, मग कधीतरी ती माणसं घर सोडून गेली आणि कुठे गेली ते आता कुणालाच ठाऊक नाही.

"बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'असं होय.'"

चाचांनी डोळे मिटले. श्रीरंगला वाटलं, म्हातारा पेंगतोय. त्याला थोडा रागही आला. एवढं मन लावून काम करावं आणि समोरच्याने डुलकी काढावी.

"जेवलास?"

कुठलं जेवण. पाहुण्यांना याच दुकानात दस्तरखानावर, जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवर बसवलं, वाढून दिलं आणि बोलण्याच्या नादात स्वतःचं ताट तसंच राहिलं.

चाचांनी आत हाक मारली. दुकानदार एक ताटली घेऊन आला आणि बाकावर ठेवून गेला. ताटलीत नानचा एक तुकडा होता. गार, कडा वातड झालेल्या.

"हे काय?"

"तुझं आहे."

"माझं?"

"मघाशी तुझ्या ताटात आलं होतं. तू परत केलंस. बाईंनी ते बाजूला ठेवलं आणि बाकीचं खाल्लं. मी इथून बघत होतो, उचलून ठेवायला सांगितलं."

श्रीरंगला आता आठवलं. दस्तरखानावर इंदूरच्या बाई त्याच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी आपल्या नानचा तुकडा मोडून त्याच्या ताटात ठेवला होता. वय झालेल्या बाई, एवढा मोठा नान संपत नसेल, पण टाकायला मन होत नसेल, असं समजून त्याने तो त्यांच्या ताटात परत ठेवला. खा हो तुम्ही, लाजू नका, असंही म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला.

"तेव्हा तू काय बोलत होतास?" चाचांनी विचारलं.

"काफिल्यांचं सांगत होतो. जेवायला बसल्यावर सांगतो तेच."

"सांग बरं. मलाही ऐकू दे."

श्रीरंगने घसा साफ केला. हे त्याला तोंडपाठ होतं आणि सगळ्यात आवडतंही होतं. इथे व्यापाऱ्यांचे काफिले उतरायचे, कुठली कुठली माणसं एका दस्तरखानावर शेजारी बसायची. कोण कुणाचा, कुणाला पत्ता नसायचा. म्हणून या मोहल्ल्याने एक रीत घालून घेतली. हिंदूंच्या घरी तीच, मुसलमानांच्या घरी तीच. जेवायला बसलं की आपल्या नानचा पहिला तुकडा मोडायचा आणि तो आधी शेजारच्या...

तो थांबला.

तंदूरमधून नान काढायच्या सळईचा आवाज आला. कुणीतरी आत पीठ थापत होतं.

"हे मी पाहुण्यांना आधी सांगितलं असेल," तो हळूच म्हणाला. "त्यावरून केलं असेल त्यांनी."

"असेल."

"नाही..." त्याने पुन्हा आठवून बघितलं. "नाही चाचा. मी अजून काफिल्यांवरच होतो. तुकड्यापर्यंत आलोच नव्हतो."

त्याने ताटलीतल्या तुकड्याकडे बघितलं.

"त्या इथल्या होत्या."

श्रीरंगची नजर गल्लीकडे वळली.

"निळं दार. ते घर त्यांचं..."

गाडी केव्हाच गेली आहे हे ठाऊक असूनही तो उठला आणि दरवाजापर्यंत धावत गेला. कमानीखाली एक हातगाडीवाला संत्री रचत होता. श्रीरंगने त्याला विचारलं. गाडी स्टेशनच्या रस्त्याने गेली, असं त्याने सांगितलं. आणखी एक सांगितलं, श्रीरंगने न विचारता. एक म्हातारी गाडीत चढायच्या आधी दरवाजाच्या दगडाला हात लावून उभी होती. बाकीचे हाका मारत होते तरी हलत नव्हती.

श्रीरंग परत आला तो पाय ओढत. बाकावर बसला. त्याला मनापासून लाज वाटत होती. ज्या बाईला तिचंच घर त्याने समजावून सांगितलं होतं, ती केवढ्या लांबून आली होती, आणि तिला एक शब्द बोलायला त्याने जागा ठेवली नव्हती.

"चाचा, मी हेच तर सांगत होतो त्यांना..."

"हो. छान सांगत होतास."



मग श्रीरंग म्हणाला, की आता इजाजतीचं राहू द्या. सोमवारी कचेरीत जाऊन परत घेतात का बघतो. वडिलांनाही बरं वाटेल.

चाचांनी ताटली त्याच्याकडे सरकवली.

त्याने तुकडा उचलला. आधी त्याच्याकडे बघितलं, मग सगळाच्या सगळा तोंडात घातला. गार नान तो, दातांनी तुटेना. चावता चावता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलंही नाही.

दुकानदाराने न मागता त्याच्यापुढे ताट आणून ठेवलं. गरम नान, वाटीत मटणाचा खलिया, वर लाल तरी.

तेवढ्यात एक माणूस बाकापाशी येऊन उभा राहिला. खांद्याला पिशवी, पायांवर धूळ. जागा आहे का म्हणाला आणि बसला. त्यानेही नान-खलिया मागवला. मग दोघांकडे बघून सहज विचारलं,

"इथे बघण्यासारखं काय आहे हो?"

श्रीरंगचं तोंड भरलेलं होतं. नगारा दरवाजा, हौद, माग, सगळं आत तयार उभं होतं. पण घास काही खाली जाईना. तो नुसता चावत राहिला. त्या माणसाचं ताट आलं.

श्रीरंगने आपल्या गरम नानचा तुकडा मोडला आणि त्या माणसाच्या ताटात ठेवला.

माणूस गोंधळला. त्याने श्रीरंगकडे बघितलं, चाचांकडे बघितलं. चाचा रस्त्याकडे बघत होते. मग त्याने आपला नान मोडला, आणि जरा अवघडून एक तुकडा श्रीरंगच्या ताटात ठेवला.

श्रीरंगने तो तिथेच राहू दिला.

घास एकदाचा गिळला गेला. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि त्या माणसाकडे वळून बसला.

"तुम्ही कुठले?" त्याने विचारलं.

तो माणूस सांगू लागला. गाव आडबाजूचं होतं, त्यामुळे बरंच मागून सुरुवात करावी लागली. श्रीरंग ऐकत होता. खलियावरची तरी निवून घट्ट होत आली तरी ऐकत होता.

चाचांनी पाय लांब केले आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळले.

"फार दुखतात रे," ते म्हणाले. "उद्या मी येत नाही."