थोरली जाऊ आणि बेटावरची शेळी

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, आणि पैलतीरी जायचं तर होडीशिवाय इलाज नव्हता. अशाच एका नदीकाठच्या गावात दोन जावा शेजारी शेजारी राहत होत्या.

थोरलीला कशाची वाण नव्हती. तरी तिचा अर्धा दिवस धाकटीच्या अंगणात डोकावण्यात जाई. धाकटीचा दोडका आधी फुलला, की हिला जेवण गोड लागत नसे. त्यातच धाकटीने एक पांढरी शेळी पाळली. शेळी भरपूर दूध देई. पोरंबाळं धाकटीकडे दुधाला येत आणि बायका म्हणत, "धाकटीच्या हाताला गुण आहे हो!"

ते शब्द थोरलीच्या काळजात रुतून बसले. शेळी पुन्हा गाभण राहिली, तेव्हा तर तिला राहवेना. 'आता एकीच्या दोन होतील, दोनाच्या चार. मग गाव हिलाच डोक्यावर घेईल.'

एकदा सगळं गाव शेजारगावी लग्नाला गेलं. डोकं दुखतंय म्हणून थोरली मागे राहिली. तिने शेळीला होडीत घातलं आणि नदीच्या मधोमध असलेल्या ओसाड बेटावर नेलं. तिथे तिला सोडायचं आणि परत फिरायचं, असा बेत होता. पण घाईत होडी नीट बांधली नव्हती. वर डोंगरात पाऊस कोसळला होता. लोंढा आला आणि होडी घेऊन गेला.

थोरलीने हाका मारमारून घसा कोरडा केला. पुराच्या आवाजापुढे तिची हाक कुठे पोचणार! रिकामी होडी खालच्या गावाला सापडली आणि लोकांनी समजायचं ते समजून घेतलं.

बेटावर उंबराची झाडं होती, तेवढाच आधार. थोरली गळलेली उंबरं वेचून खाई. शेळी मात्र पोटभर पाला खाऊन रवंथ करत बसे. "इथेही हिचंच बरं चाललंय!" थोरली दातओठ खाऊन म्हणे. पलीकडे गावातल्या चुलींचा धूर दिसला, की तिच्या मनात येई, 'धाकटी आता माझ्या घरात वावरत असेल. माझ्या नवऱ्याला भाकरी वाढत असेल. लोक म्हणत असतील, किती गुणाची!' अशी ती जागच्या जागी जळत राही. हळूहळू तिने उठणंही सोडलं. उठायचं तरी कुणासाठी?

एका सकाळी शेळी कळवळून ओरडू लागली. वेणा सुरू झाल्या होत्या, पण करडू अडलं होतं. थोरली नुसती बघत राहिली. 'मेली तर मेली. त्यासाठीच तर आणली होती.'

शेळीने तिच्याकडे मान वळवली. त्या बेटावर दुसरं होतंच कोण?

थोरली उठली. करडाचे पाय धरून, शेळी कळ देई तसतसं तिने ते हलकेच ओढून घेतलं. करडू बाहेर आलं ते निपचित. तिने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, पदराने अंग खसाखसा चोळलं. करडू शिंकलं. थोरलीला रडूच फुटलं.

त्या दिवसापासून तिला सवड उरली नाही. फांद्या मोडून आडोसा करायचा, उंचावरचा पाला ओढून आणायचा. शेळी आधी धार काढू देईना, लाथा झाडी. थोरलीने धीर धरला, तशी ती उभी राहू लागली. अर्धं दूध करडाचं, अर्धं थोरलीचं. "पाणी ओसरू दे," ती करडाला सांगे, "मग तुला गावचं कुरण दाखवते." धुराकडे बघायचं राहूनच जाई.

पाणी ओसरलं. बेटावर पांढरं काही हलताना धाकटीला दिसलं आणि ती चार माणसं घेऊन होडीने आली. "ये गं, ये!" तिने हाक दिली. शेळी उड्या मारत तिच्याकडे धावली. करडूही मागोमाग पळालं. दोघांनीही वळून पाहिलं नाही.

थोरलीच्या छातीत आग भडकली, पूर्वी कधी भडकली नव्हती इतकी. 'राबले मी, जगवलं मी, आणि गेली हिच्याकडे!'

धाकटीने तिला मिठी मारली. "अक्का, माझ्या शेळीपायी पुरात आलात तुम्ही!"

बरोबरची माणसं हात जोडून म्हणाली, "अशी जाऊ मिळायला नशीब लागतं."

असं कौतुक ऐकायला थोरली जन्मभर झुरली होती. नुसतं गप्प राहिलं तरी ते तिचं होणार होतं. पण गप्प राहिलं, तर पुन्हा तसंच जळत बसायचं, हेही तिला दिसलं.

"नाही गं," ती म्हणाली. "मी हिला इथे मरायला सोडायला आले होते. तुझा हेवा वाटायचा मला. आत्ताही वाटतोय."

धाकटीचे हात गळून पडले. करडू उचलून होडीत ठेवत ती म्हणाली, "होडीत बसा, अक्का. घरी गेल्यावर भांडू."

आणि त्या खरंच कडाडून भांडल्या. धाकटीने बोलणं टाकलं. गावाने नावं ठेवली. थोरलीने सगळं सोसलं. हेवा तिला अधूनमधून वाटेच. पण वाटला की ती विळा घेऊन रानात जाई आणि ओल्या पाल्याचा भारा धाकटीच्या कुंपणाशी टाकून येई.

पुष्कळ दिवसांनी एकदा कुंपणाआडून आवाज आला. "नुसता पाला टाकून काय जाता, अक्का? आत या. धार काढायला बसा, माझे हात पिठात आहेत."

तात्पर्य: हेव्याने माणूस भरल्या घरातही एकटा पडतो, आणि एका जिवाची काळजी वाहिली तर एकटेपणातही त्याला जगायला कारण मिळतं.