पहिल्या नावाचा दोर

एकदा एक मोठी बाजारपेठ होती आणि तिच्या वेशीवर एक वाटाड्या बसत असे. बाहेरगावचा माणूस येऊन विचारी, "चांगलं तेल कुठे मिळेल? चांगला वैद्य कोण?" आणि वाटाड्या एका दमात दुकानांची नावे सांगे, पहिले अमुक, दुसरे तमुक. यांपैकी एकाही दुकानात तो कधी गेलेला नव्हता. पेठेतले लोक कोणत्या दुकानाकडे बोट दाखवतात, एवढेच तो बघे. जास्त बोटे ज्याच्याकडे, ते दुकान वर. आणि ज्या माणसाकडे मुळातच पुष्कळ बोटे वळलेली असत, त्याच्या बोटाला वजनही अधिक. सुरुवातीला ही रीत खरोखर चांगली होती. कारण आपले बोट विकता येते, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

हा वाटाड्या आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये बसला आहे, हे तुम्ही ओळखले असेलच. नसेल ओळखले, तर ही गोष्ट खास तुमच्यासाठी आहे.

हळूहळू लोकांनी एकमेकांना विचारणे सोडले. शेजारच्या दुकानात जायचे, तरी माणसे आधी वेशीवर जाऊन विचारू लागली. पहिल्या दोन-तीन नावांपुढे ऐकायला कोणी थांबेना. वाटाड्याने वर घेतले तर दुकानात गर्दी, खाली ढकलले तर माशा. हे लक्षात येताच त्याने पैसे घेऊन काही नावे सर्वांत आधी पुकारायला सुरुवात केली. "हे पैसे घेऊन सांगतोय," असे तो म्हणे. नाही असे नाही. पण इतक्या हळू म्हणे की ऐकणाऱ्याला तो खाकरला असे वाटावे. मधूनच तो आपली रीत बदले आणि काल पहिला असलेला दुकानदार आज कुठेच नसे. "बाबा रे, माझं चुकलं काय?" असे कोणी रडकुंडीला येऊन विचारले, की उत्तर ठरलेले होते. "रीत सांगितली तर तुम्ही लबाडी कराल." लबाडी तर रीत न सांगताही राजरोस चालू होती! भाड्याने बोटे पुरवणारे लोक पेठेत उजळ माथ्याने हिंडत होते. त्यांना बोटवाले म्हणत.

याच पेठेत भैरू नावाचा दोरवाला होता. घायपाताचे धागे, ज्यांना वाख म्हणतात, ते स्वतः झोडपून, धुऊन, उन्हात वाळवून तो त्यांचे तीन पदर वळी. विहिरी खोदणारे आणि कड्यावरचा मध काढणारे त्याचाच दोर कमरेला बांधत. माणूस तोंडाचा फटकळ. कोणी घासाघीस केली तर म्हणे, "तुझा जीव केवढ्याचा आहे ते सांग, तेवढ्यालाच देतो."

पलीकडच्या गल्लीत एका नव्या व्यापाऱ्याने दोराचे दुकान थाटले. त्याचे दोर बाहेरून रंगवलेले, आतून कुजके. त्याने बोटवाल्यांकडून ढीगभर बोटे घेतली आणि वाटाड्या त्याचे नाव पहिले सांगू लागला. एका विहीर खोदणाऱ्याने वाटाड्याचे ऐकून त्याचा दोर नेला. दोर तुटला, पाय मोडला. तो गडी कुबडी घेऊन वेशीवर आला आणि त्या दुकानाकडे बोट करकरून त्याने शिव्या घातल्या. वाटाड्याने ते बोटही व्यापाऱ्याच्या बाजूने मोजले. म्हणाला, "बोट कौतुकाचं की शिवीचं, हे बघणं माझं काम नाही."

भैरूच्या दुकानात गिऱ्हाईक येईनासे झाले. चूल कशीबशी पेटत होती. त्याचा धाकटा भाऊ पेठेतल्या एका वृद्ध गुरुजींकडे तर्कशास्त्र शिकत असे. त्याने भावाच्या मागे टुमणे लावले.

"अण्णा, बोटवाला आज संध्याकाळी येतोय. आता तरी हो म्हण."

"आणि त्याला देऊ काय? वाखच घ्यायला पैसे नाहीत."

"मधल्या पदरात जुना वाख घाल. तेवढे पैसे सुटतील. वरून कोणाला कळतंय?"

"वर उभा असलेल्याला नाही कळणार. खाली लटकलेल्याला कळेल की."

"दुकान बंद पडल्यावर तुझा चांगला दोर काय चाटायचा? सगळे हेच करतात, अण्णा."

त्या सकाळी भैरूने एक दोर तसा वळला आणि धाकट्याकडे न बघता इतर दोरांच्या ढिगावर टाकला.

शिष्य गुरुजींकडे गेला तो धुमसतच. सगळी हकीकत सांगून म्हणाला, "त्या वाटाड्याला वेशीबाहेर हाकललं पाहिजे!"

गुरुजी उठले. आपला एकुलता एक तांब्याचा लोटा त्यांनी घेतला. वाटेत नव्या व्यापाऱ्याच्या दुकानातून एक दोर घेतला. वेशीवर वाटाड्याच्या ओट्याशेजारी एक खोल आड होता, पायऱ्या नसलेला. गुरुजी काठावर उभे राहिले आणि त्यांनी लोटा सरळ आत टाकून दिला.

"गुरुजी! हे काय केलंत?" शिष्य ओरडला.

गुरुजी वाटाड्याकडे वळले. "काय रे, पेठेत सर्वांत चांगला दोर कोणाचा?"

"नव्या व्यापाऱ्याचा," वाटाड्या म्हणाला. "दुसरा दोर..."

"दुसरा राहू दे. पहिलाच आणलाय. हा घे, कमरेला बांध आणि माझा लोटा काढून दे."

"गुरुजी, थट्टा करता गरिबाची?"

"थट्टा तू रोज करतोस. मी आज पहिल्यांदा करतोय."

बाजाराची वेळ होती. बघता बघता गर्दी जमली. कोणी ओरडले, "उतर की रे! पहिल्या नंबरचा दोर आहे!" कुबडीवाला विहीर खोदणारा रेटत पुढे आला. "मी उतरून आलोय याच दोरावर. आता तुझी पाळी."

वाटाड्याचे हसू मावळले. त्याने दोर हातात घेतला, आणि आयुष्यात प्रथमच तो नीट बघितला. वाकवून पाहिला. नखाने पीळ उकलला. आतला वाख नाकाशी नेला. मग दोर हळूच ओट्यावर ठेवून तो पुटपुटला, "भैरूचा मागवा." पैसे घेऊन सांगतोय हे तो ज्या आवाजात सांगे, त्याच आवाजात.

"भैरू कितवा तुझ्या रांगेत?"

"बराच खाली."

गर्दी हसली. कोणी तरी धावत गेले. भैरू ढिगावरचा हाती लागला तो दोर उचलून घामाघूम होऊन आला. गुरुजींनी तो घेतला आणि शिष्याच्या हातात दिला. "वाटाड्या अंगाने जड आहे. तू उतर."

शिष्य भावाकडे वळला. "अण्णा," त्याने हलकेच विचारले, "हा चांगल्यातला, की सकाळचा?"

भैरूने दोरावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. "कालपर्यंत मी डोळे मिटून सांगितलं असतं की माझा दोर आहे, उतर," तो म्हणाला. "आज नाही सांगता येत." आणि तिथेच मांडी घालून त्याने पीळ सोडला. मधला पदर काळा, कुजका निघाला.

कोणी हसले नाही. विहीर खोदणारा तेवढा म्हणाला, "तू पण, भैरू?"

तेव्हा गुरुजी बोलले, आणि त्यांचा आवाज चढलेला होता.

"हा वाटाड्या खोटं बोलत नाही. तो त्याहून वाईट करतो. ज्या दोरांवर त्याला कधी लटकायचं नाही, त्यांची तो रांग लावतो. स्वतःच्या कमरेशी दोर आला तेव्हा चांगला-वाईट त्याला क्षणात कळला की नाही? म्हणजे त्याला येत होतं, पण गरज नव्हती. दोर तुटला तर पाय दुसऱ्याचा मोडतो, आणि तुम्ही उद्या पुन्हा त्यालाच विचारायला येता! दोर हाताने चाचपून बघायला किती वेळ लागतो रे तुम्हाला? आणि भैरू, तुझा दोर चांगला होता, कारण तो ज्याच्या कमरेला बांधला जाणार त्याला डोळ्यांसमोर ठेवून तू वळत होतास. आज सकाळी तू वाटाड्याला डोळ्यांसमोर ठेवून वळलास. त्याने तुला रांगेत खाली ढकललं, हा त्याचा अन्याय. पण तुझा दोर कुजवायला तो तुझ्या दुकानात आला नव्हता."

शिष्याने खाली मान घालून विचारले, "मग दुकान बंद पडू द्यायचं?"

"पडेलही. मी तुला खोटा धीर देणार नाही. पण कुजका दोर विकून जे चालू राहील, ते भैरूचं दुकान नसेल. ओरडून सांगा की तुम्ही आहात. वेशीवर येऊन सांगा, दोर लोकांच्या हातात देऊन सांगा. त्यात लाज कसली? लाज भाड्याच्या बोटांची."

"आणि तुमचा लोटा?"

"त्याला घाई नाही."

भैरूने तो दोर पेटवून दिला आणि घरून उरलासुरला ओला वाख आणून तो आडाच्या काठावरच बसला. सगळ्यांच्या देखत धुणे, वाळवणे, वळणे सुरू झाले. संध्याकाळी बोटवाला आला. "मग, काय ठरलं भैरूशेट?"

"बरा आलास," भैरू म्हणाला. "बोटं आहेत ना तुझ्याकडे? बस, पीळ घालायला लाव." बोटवाला पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

नवा दोर तयार झाला तेव्हा शिष्याने तो कमरेला बांधला. दुसरे टोक भैरूच्या हातात होते. खाली जाताना त्याने एकदाही वर बघितले नाही. लोटा घेऊन तो वर आला, तेव्हा भावाचे तळहात सोललेले होते.

वाटाड्या आजही तिथेच बसतो. नवा व्यापारी आजही बहुधा पहिलाच असतो. मात्र आडाच्या खांबाला भैरूचा एक दोर टांगलेला आहे, आणि काही लोक, सगळे नव्हे, काही लोक, पेठेत शिरण्यापूर्वी थांबून तो हाताने ओढून बघतात. भैरूचे दुकान अजून उघडे आहे ते त्यांच्यामुळे.

मोबाइलवर आलेल्या पहिल्या नावावर बोट ठेवण्याआधी एवढेच विचारा: हे नाव सांगणारा स्वतः या दोरावर उतरेल का?