वहीत नसलेलं नाव

“सात पिढ्या वाचून काढल्या अप्पा, कुठंच काही न्हाई. मग हे आलं कुठनं?”

विरूपाक्षानं लाल फडक्यात बांधलेली वही मठाच्या ओसरीवर ठेवली. अप्पा खांबाला टेकून वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विरूपाक्ष त्यांचा जुना शिष्य. घराण्यांच्या वंशावळी लिहायची विद्या त्यानं इथंच घेतली. तीनशे घरं त्याला तोंडपाठ होती, आणि हे तो कुणी न विचारताही सांगत असे. आज मात्र त्याचा आवाज चढला होता तो भीतीनं.

“तुझ्या बायकोला, सुवर्णाला काय होतंय?” अप्पांनी विचारलं.

“आठवा महिना आहे. तळहात, तळपाय नुसते खाजतात. डोळं पिवळं पडल्यात. डॉक्टरीणबाई म्हणतात, गरोदरपणातला लिव्हरचा आजार दिसतोय. मागल्या बारीलाही असंच खाजत होतं, आणि...”

मागच्या वेळचा पाळणा रिकामाच राहिला होता.

“बाईंनी तुला काय विचारलंय?”

“हा आजार कधीकधी रक्तातनं उतरतो म्हणे. हिच्या माहेरी आधी कुणाला झालाय का, ते विचारलंय. रिपोर्ट उद्या येणार. पण तसं असलं तर त्या थांबणार न्हाईत, आजच मोठ्या दवाखान्यात हलवणार. मी छाती ठोकून सांगितलं, माझ्याकडं हिच्या माहेरच्या सात पिढ्यांची वही आहे.”

“वाच.”

“भीमण्णाचा मुलगा ईरण्णा. ईरण्णाचा मुलगा चनबसप्पा...”

“ईरण्णाची आई कोण?”

विरूपाक्षानं ओळीवर बोट फिरवलं.

“ते लिहीत न्हाईत, अप्पा.”

“चनबसप्पाची?”

“ते पण...”

त्यानं पान उलटलं. मग आणखी एक. पानोपानी पुरुषच, एकाखाली एक, जणू त्यांना कुणी जन्मच दिला नव्हता. वीस वर्षं तो हे वाचत आला होता. आज पहिल्यांदाच त्याला त्या वहीत फार एकटं वाटलं.

सकाळी दवाखान्यात सुवर्णा गार पाण्याच्या परातीत हात बुडवून बसली होती. “आईला विचारा हो,” ती म्हणाली होती.

“वहीत सगळं आहे,” तो म्हणाला होता.

त्यावर तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

आणि त्याला मागचं बाळंतपण आठवलं. सगळं संपल्यावर सासू मागल्या दारात बसली होती, तळहातावर तळहात घाशीत. “मलाबी हिच्याआधी...” एवढंच तिच्या तोंडून निघालं, तेवढ्यात त्यानं तिला तोडलं होतं. “मामी, आता ह्या बायकांच्या गोष्टी नकोत.”

दुसऱ्या दिवशी ती डोंगरापलीकडच्या आपल्या वस्तीवर निघून गेली. नवरा मागेच वारलेला, घरात दुसरं कुणी नाही. तेव्हापासून ती आली नाही, हाही गेला नाही.

“फोन हाय का तिच्याकडं?” अप्पांनी विचारलं.

“न्हाई.”

“नाव काय तिचं?”

विरूपाक्षानं तोंड उघडलं...

नऊ वर्षं तो तिला मामी म्हणत होता. सुवर्णा आई म्हणायची. वस्तीवरचे लोक काय म्हणतात, हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

वात अप्पांच्या बोटांत तशीच होती.

“अप्पा... मला ठाऊक न्हाई.”

त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

अप्पा उठले. त्यांनी वही उचलून भिंतीतल्या देवळीत ठेवली. मग ऐंशी वर्षांचा तो म्हातारा भिंतीला धरून पायऱ्या उतरला, खाली वाकला, आणि विरूपाक्षाच्या चपला उचलून त्यानं वेशीकडं तोंड करून मांडल्या.

“अप्पा! माझ्या चपलांना हात...”

“ऊठ. ऊन उतरायच्या आत डोंगर वलांड. तिनं दार उघडलं की आधी नाव विचार. आजार मग.”