सत्तर पायऱ्यांवरचं दूध

एकदा काय झालं, मंगळवार होता. अगदी रोजच्यासारखा. धुरपा दारात बसून तांदूळ निवडत होती. तिची चार वर्षांची लेक तानी निवडलेल्या खड्यांचं घर मांडत होती. समोरच्या घरातली येसू केरसुण्या बांधता बांधता म्हणाली, "धुरपे, तुझ्या तांदळात तांदूळ किती नि खडे किती गं?"

धुरपा हसली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी राजाची दोन माणसं दिसली. दोघांनी पागोटी काढून हातात धरली होती. काय ते धुरपाला तिथंच कळलं.

धुरपाचा नवरा भिवा पाथरवट होता. राजाच्या वाड्याचं जोतं चढवायच्या कामावर होता. जोतं म्हणजे ठाऊक आहे ना? घर ज्या दगडी चौथऱ्यावर उभं असतं, ते. त्या जोत्यावरून भिवा पडला. तो काही परत आला नाही.

आता राजा जोतं का चढवत होता, ते ऐका. सुखी कोण नि दुःखी कोण, हे त्याला सज्जात उभं राहून एका नजरेत दिसायला हवं होतं. त्यानं प्रधानाला विचारलं. प्रधान म्हणाला, "सोपं आहे महाराज. ज्याची कमाई जास्त, तो जास्त सुखी. कमाईप्रमाणे जोतं चढवायला लावा. मग दिसेलच."

झाला नियम. एका मोहरेला एक पायरी. मग सोनाराचं घर चढलं. ते बघून वैद्याला झोप येईना, त्यानं रोग्यांकडून जास्त घेतलं आणि तोही चढला. एका दिवाळीला राजानं नोकरचाकरांचे पगार दुप्पट केले. सगळ्यांची जोती दुप्पट झाली. लोक हौसेनं उठून बघतात, तर शेजाऱ्याचा उंबरा आपल्या डोक्यावर होता तो होताच, उलट आणखी वर गेलेला! आणि पाण्याची घागर चढवायला पायऱ्या मात्र दुप्पट. केरसुण्यावाल्यांना पगारच नव्हता, आणि भिवासारख्या पाथरवटाला मोहरा नाहीत, नुसते तांदूळ मिळायचे. त्यांचं काय दुप्पट होणार? धुरपाची ती गल्ली जमिनीलगत राहिली.

तर अशा त्या राजाला भिवाचं वाईट वाटलं, बरं का. मनापासून वाटलं. त्यानं धुरपाला महिना सत्तर मोहरा लावून दिल्या. मग नियमच तो. पाथरवट आले, त्यांनी घराखाली पहारी घातल्या, घर उचलून धरलं आणि थरावर थर सरकवले. संध्याकाळी धुरपा सत्तर पायऱ्यांवर होती. अख्ख्या गल्लीत एकटी.

आता पैसा वाईट असं कोणी म्हणू नये. त्या पैशानं तांदळातले खडे गेले. तानीला अंगभर कपडे आले. चुलीवर रोज दूध तापू लागलं. उपाशी पोटी कसलं आलंय सुख? पण तानीनं जेवण टाकलं. लाडू दिला, नको. शिरा दिला, नको. बाप गेल्यापासून ती एकच मागायची, ताकभात. बाप तिला मांडीवर घेऊन तोच भरवायचा.

आणि धुरपाच्या घरात दही लागत नव्हतं.

का लागत नव्हतं? तर त्या गावाची एक रीत होती. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या बायका आपापल्या उंबऱ्यावर उभ्या राहून हात लांबवायच्या आणि विरजणाची वाटी या हातातून त्या हातात जायची. उंबऱ्यावरून उंबऱ्यावर. वाटी जमिनीला टेकवायची नाही, विरजण विकायचं नाही, पायरी चढवायचं नाही. आज हिच्याकडचं तिच्याकडे, उद्या तिच्याकडचं हिच्याकडे. पणज्यांच्या पणज्यांपासून ते एकच दही गावभर फिरत होतं. जोती उंच झाली, हात पोचेनासे झाले, आणि एकेका उंच घरातलं दही सरलं. दुसरीकडे असेलच की, असं प्रत्येकीला वाटलं. सगळ्यांना तसंच वाटलं, म्हणून कोणाकडेच राहिलं नाही.

धुरपानं मिरचीची देठं टाकून पाहिली, लिंबू पिळून पाहिलं. दूध नासलं, लागलं नाही. तानीचे गाल बसले. मनगटातली कडी कोपरापर्यंत सरकू लागली. धुरपानं पदर खोचला. म्हणाली, "आज दही घेऊनच येणार."

आधी ती सोनारणीकडे गेली. सोनारणीनं सोन्याची वाटी दाखवली, आत साय होती. "दही? अगं, दही कोण खातं आता!" असं म्हणाली आणि हळूच डोळे पुसले. मग ती वैद्यिणीकडे गेली. वैद्यीण म्हणाली, "परगावाहून दोनदा मागवलं गं. वाटेत पाणी होतं त्याचं." मग ती थेट वाड्यावर गेली. तीनशे पायऱ्या चढली. राणी म्हणाली, "बाई, मिळालं तर एक वाटी आम्हालाही आण. राजेसाहेब रोज दूधभात चिवडून उठतात."

मग राहिली एकच जागा. आपलीच गल्ली. पण ती धुरपानं मुद्दाम शेवटाला ठेवली होती. आठ महिने झाले होते, ती येसूशी एक शब्द बोलली नव्हती. रुसवा नव्हता, भांडण नव्हतं. खाली बघायला मान वाकवावी लागायची, तिला वर बघायला मान मोडावी लागायची. राहून गेलं.

तरी ती उतरली.

येसू केरसुणीच्या काड्या झाडत होती. वर न बघता म्हणाली, "कोण, बाईसाहेब? पायऱ्या मोजून दमला असाल. बसा. बसायला पाट नाही, जमीन आहे."

"येसू, विरजण हवंय."

"विकत?"

"बोल, काय बोलायचं ते बोल. पण तानी जेवत नाही."

येसूच्या हातातली काडी थांबली. "मग इतके दिवस काय तोंड शिवलं होतंस? मेले, आधी सांगायचंस!" ती उठली आणि वाटी भरून दही घेऊन आली. केरसुण्यावाल्यांची घरं सारख्या उंचीची ना, त्यांच्यात दही अजून फिरत होतं.

धुरपा वाटी घेऊन सत्तर पायऱ्या चढली. दूध विरजलं. सकाळी बघते तर दूध जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी तिनं वरून दोरीला टोपली बांधून सोडली. येसूनं वाटी ठेवली, धुरपानं जपून ओढली. सकाळी बघते तर दूध जसंच्या तसं.

येसू खालून ओरडली, "अगं, ते विरजण आहे! चढत नाही ते. हातातून हातात लागतं."

धुरपा उंबऱ्यावर उभी राहिली. आत तानी भिंतीकडे तोंड करून पडली होती. धुरपानं माळ्यावरून भिवाची पहार काढली आणि खाली उतरून सगळ्यात खालच्या थरात घातली.

राजाचा शिपाई धावत आला. "बाई, खूळ लागलं का? जोतं उतरवलंस तर पगार बंद!"

"हो का?" धुरपा म्हणाली आणि पहिला दगड निखळला.

"सत्तर मोहरा, बाई! गावात पाच जणांना नाहीत."

"बाजूला व्हा. पायावर पडेल." दुसरा दगड निखळला.

आणि काय नवल सांगू! एक थर निघाला की घर आपलं आपण हळूच खाली टेकायचं. म्हैस बसते ना गुडघे मोडून, तसं. भांड्याला भांडं लागलं नाही. पहिल्या दिवशी धुरपाचे हात सोलले. दुसऱ्या दिवशी येसू आली, "सरक गं, एकटी काय मिरवतेस?" म्हणाली आणि दुसऱ्या बाजूनं लागली. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या. तिन्हीसांजेला धुरपाचा उंबरा येसूच्या उंबऱ्यासमोर आला. दोघींनी हात लांबवले. वाटी या हातातून त्या हातात गेली.

सकाळी दही असं लागलं होतं, की सुरीनं कापावं. धुरपानं ताक घुसळलं, भात कालवला, तानीला मांडीवर घेतलं. पहिला घास तानीनं तोंडात धरून ठेवला. मग गिळला. मग म्हणाली, "मीठ कमी आहे."

धुरपा खूप दिवसांनी मोठ्यानं हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

ताकाचा वास गावभर गेला. आधी सोनारीण आली. हळूच म्हणाली, "आमचंही उतरवून देशील? यांना विचारलं नाहीये अजून." मग वैद्यीण आली. धुरपाला कामच काम. येसू नि ती जोडीनं जायच्या, उतरवायची मजुरी चोख घ्यायच्या.

राजानं शिपायाला विचारलं, "तिचा किती पगार कापला?"

"सगळा, महाराज."

"आणि तरी उतरली?"

राजा तीन दिवस सज्जात बसून राहिला. चौथ्या दिवशी त्यानं नियम मोडला आणि धुरपाला बोलावून म्हणाला, "तुझा पगार घे."

धुरपा म्हणाली, "घेईन महाराज. माणूस गेलंय माझं, तो माझा हक्क आहे. पण जोत्याला बांधून घेणार नाही. आणि केरसुण्या वाड्यावर फुकट जातात, त्यांचे दाम त्यांना द्यायचे."

राजा म्हणाला, "दिले." आणि खरंच दिले, बरं का. मग राणीनं वाड्याचं जोतंही उतरवून घेतलं, आणि त्या दिवशी राजा दोनदा भात मागून जेवला.

मग कोणाची कमाई थोडी, कोणाची जास्त, असं राहिलंच. पण हात पोचतील इतकंच. आणि सगळे सुखानं नांदले. चला, पाय पोटाशी घ्या, पांघरूण ओढा, डोळे मिटा.

काढलेल्या दगडांतला एक चांगला, काळा दगड धुरपानं बाजूला ठेवला होता. भिवाचं नाव कोरायला. तो कोरायचा अजून राहिला आहे.